मॅडम, किती दिवस राहतं?

बोटीवर जाणाऱ्या माणसाला कंपनी दोन गोष्टी विचारते: सर्टिफिकेटं पूर्ण आहेत का आणि लघवी साफ आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली.

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून मी फोर्टातल्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल करत निवृत्त होईन असं वाटलं होतं. पण लॅबच्या अवतीभोवती शिपिंगवाल्यांची ऑफिसं. रत्नागिरी, गुहागर, देवगड, वसई, गोवा इथून मुलं जॉइनिंगच्या आधी मेडिकलला यायची. काखेत प्लास्टिकची फाइल, फाइलीत सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, बरोबर कधी वडील तर कधी गावचा एखादा अनुभवी बोसन. डोळे, कान, छातीचा एक्स-रे आणि शेवटी 'ड्रग पॅनेल'. हे पॅनेल म्हणजे पाच नावांची यादी: गांजा-चरस, कोकेन, अफूचा गट, अम्फेटामाइन आणि पीसीपी. यादी अमेरिकेतल्या सरकारी नियमावलीतून आलेली. त्यातलं पीसीपी मुंबईत कोण घेतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या टेबलावर ते कधी पॉझिटिव्ह आलं नाही, पण त्याचे पैसे प्रत्येक बिलात लागत राहिले.

या कामात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, किती दिवस राहतं?" मेडिकलच्या आदल्या आठवड्यात फोनवर, रांगेत उभ्या असलेल्या मुलाकडून, त्याच्या आईकडून, कंपनीच्या एचआरकडून, पुढे वकिलांकडूनही. प्रश्न तोच, पण प्रत्येकाला हवं असलेलं उत्तर निराळं.

उत्तराचा तक्ता आमच्याकडे होता. पुस्तकांतून उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. लघवीत कोकेनचा अंश दोन ते चार दिवस. अम्फेटामाइन जवळपास तेवढंच. कोडीन, मॉर्फिन दोन-तीन दिवस. डायझेपामसारखी झोपेची गोळी एकदा घेतली तर काही दिवस, महिनोनमहिने घेतली असेल तर काही आठवडे. आणि गांजा: एखाद्या वेळी ओढला तर तीन दिवसांच्या आसपास, आठवड्यातून काही वेळा ओढणाऱ्यात आठवडाभर, रोज ओढणाऱ्यात तीस दिवस आणि क्वचित त्याहूनही जास्त. दाराला आतून चिकटवण्याचं कारण होतं. तो बाहेर लावला की कॅडेट त्यातला तीनचा आकडा वाचणार आणि एचआर तीसचा, हे आम्हाला पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं.

त्या तक्त्यातला कुठलाही आकडा पदार्थाचा एकट्याचा नसतो. तो घेणाऱ्याचा असतो, मात्रेचा असतो, नमुना कशाचा घेतला त्याचा असतो आणि यंत्रात आपण रेघ कुठे आखली त्याचाही असतो. गांजाची रेघ पहिल्या चाचणीत मिलिलिटरला पन्नास नॅनोग्रॅमवर असते. त्या पार गेलेला नमुना जीसीएमएस या पक्क्या तपासणीच्या यंत्रावर चढतो आणि तिथे रेघ पंधराची. म्हणजे एकोणपन्नासवाला निगेटिव्ह. 'निगेटिव्ह' याचा अर्थ शून्य नव्हे, रेघेच्या खाली, एवढाच. तोच माणूस तीच लघवी घेऊन वीसची रेघ मानणाऱ्या लॅबमध्ये गेला तर त्याचे 'दिवस' आपोआप वाढतात.

गांजाची गंमत अशी की डोक्यातली तार काही तासांत उतरते, पण त्यातलं नशा आणणारं टीएचसी चरबीत मुरतं. तिथून ते थोडं थोडं रक्तात येतं, यकृत त्याचं दुसरं काही बनवतं आणि ते दुसरं काही आम्ही लघवीत मोजतो. हिंग संपून महिना झाला तरी डब्याचं झाकण उघडलं की वास येतो, तसं. वास आला म्हणून आजच्या आमटीत हिंग पडला असं कुणी म्हणणार नाही; पण लघवीच्या रिपोर्टवरून लोक नेमकं तसंच म्हणतात.

एका कॅडेटचं प्रकरण माझ्या चांगलं लक्षात आहे. मुलगा रोज ओढायचा, हे त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं होतं. कॉलेजात सवय लागली, कोर्स संपल्यावर घरी गेला आणि सोडलं. तीन आठवडे झाले होते. नमुना पॉझिटिव्ह आला, बासष्ट नॅनोग्रॅम. कंपनी त्या मानाने भली. म्हणाली, आठवड्याने पुन्हा घ्या, आकडा उतरला असेल तर बघू. आठवड्याने पुन्हा घेतला तर पंच्याऐंशी. मॅनिंग ऑफिसमधल्या गृहस्थांचा फोन आला, "बघा मॅडम, म्हणत होतो ना? पुन्हा ओढला त्याने." मुलगा समोरच्या बाकावर बसलेला. वडील बोटीवरच वायपर होते पूर्वी. ते एक अक्षर बोलत नव्हते.

मी दोन्ही रिपोर्टचा क्रिएटिनिन काढला. लघवी किती पातळ किंवा घट्ट आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या वेळी क्रिएटिनिन डेसिलिटरला साठ मिलिग्रॅम. पोराने घाबरून सकाळपासून पाणी प्यायलं होतं. दुसऱ्या वेळी तो रात्रीच्या एसटीने थेट आला होता, घोटभर चहावर. क्रिएटिनिन एकशे सत्तर. आता भागाकार करायचा. पहिल्या नमुन्यात क्रिएटिनिनच्या दर मिलिग्रॅममागे साधारण एकशे तीन नॅनोग्रॅम, दुसऱ्यात पन्नास. आकडा चढलेला दिसत होता, पण शरीरातून बाहेर पडणारा माल निम्म्यावर आला होता. नव्याने ओढलं असतं तर हे गुणोत्तर चढलं असतं. मी ते कागदावर मांडून फॅक्स केलं. तिसऱ्या नमुन्यात रेघेच्या खाली आला आणि मुलगा गेला बोटीवर. हा भागाकार आठवीच्या मुलाला जमेल. पण तो करायला रिपोर्टवर क्रिएटिनिनचा आकडा छापलेला असावा लागतो, आणि त्या काळी कित्येक ठिकाणी नुसतं 'पॉझिटिव्ह' एवढंच छापून द्यायचे.

"मी ओढला नाही, मित्र ओढत होते, मी नुसता बसलो होतो," हे सांगणारेही पुष्कळ. त्याचं उत्तर मी ठरवून ठेवलं होतं. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, अशा खोलीत धुराने डोळे चुरचुरेपर्यंत बसवलेल्या माणसांवर प्रयोग झालेले आहेत. तेव्हासुद्धा पन्नासच्या रेघेपार जाणारा विरळा, आणि तोही काही तासांपुरता. गच्चीवरच्या पार्टीत शेजारी बसून तीन दिवसांनी पॉझिटिव्ह येत नाही.

बाजारात घरी करायच्या कार्ड टेस्ट मिळायला लागल्या आणि आमच्याकडे एक नवीनच वर्ग यायला लागला: घाबरलेले आईबाप. ठाण्याहून एक गृहस्थ आले. बँकेत असावेत, कपडे नीटनेटके, हात मात्र थरथरत होते. खिशातून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "दोन रेघा आल्यात. काल रात्रीपासून मुलगी जेवलेली नाही. मी तिला नको ते बोललोय." कार्डावर दोन रेघा होत्या, दुसरी जरा फिकट. मी त्यांना म्हटलं, काका, हे निगेटिव्ह आहे. त्यांना पटेना. त्यांच्या माहितीतली एकच कार्ड टेस्ट, गरोदरपणाची. तिथे दोन रेघा म्हणजे आहे. नशेच्या कार्डावर उलटं असतं. पट्टीवरच्या प्रतिपिंडांना चिकटायला लघवीतला पदार्थ आणि पट्टीवर आधीच लावलेला पदार्थ यांची चढाओढ लागते. लघवीत काही नसेल तर रंग पट्टीवर बसतो आणि रेघ उमटते. रेघ नाही उमटली तर पॉझिटिव्ह. फिकट उमटली तरी ती रेघच. पाकिटातल्या कागदावर हे बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं. काकांनी चष्मा काढून तो कागद दोनदा वाचला आणि तिथूनच मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही.

कार्डांचा दुसरा घोळ म्हणजे ती नातलगांना ओळखण्यात गफलत करतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अम्फेटामाइनसारखं दिसू शकतं. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं साधं अँटिबायोटिक काही किटवर अफूच्या गटात जाऊन बसतं. ॲसिडिटीच्या पँटोप्रॅझोलमुळे गांजा पॉझिटिव्ह दिसल्याच्याही नोंदी आहेत. जीसीएमएसवर रेणूचे तुकडे होतात, प्रत्येकाचे तुकडे वेगळे, तिथे सोंग चालत नाही. म्हणून पहिल्या चाचणीवर कुणाची नोकरी घालवू नये, हे मी ज्याला त्याला सांगत आले. जीसीएमएसचा खर्च बघून पुष्कळांचे चेहरे पडायचे.

पण कधी यंत्र बरोबर असतं, रेणूही तोच असतो आणि तरीही माणूस निर्दोष असतो. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आमच्याकडे अफूच्या गटाचे पॉझिटिव्ह जरा जास्त. पहिल्या वर्षी मला वाटलं योगायोग. मग एका चीफ कुकने सगळा फराळ मोजून दाखवला: करंजीच्या सारणात खसखस, अनारसे तर खसखशीवरच थापलेले, आणि सासुरवाडीला खसखशीची खीर. खसखशीच्या दाण्याच्या आत अफू नसते. बोंडाचा चीक दाण्याच्या सालीला लागलेला असतो आणि त्यात मॉर्फिन आणि थोडं कोडीन. धुण्या-भाजण्याने बरंच कमी होतं, सगळं जात नाही. त्या कुकचा आकडा तीनशेच्या किंचित वर होता. अमेरिकेने याच कारणासाठी १९९८ साली अफूच्या गटाची रेघ तीनशेवरून दोन हजारावर नेली. आमच्या काही गिऱ्हाईक कंपन्या मात्र बरीच वर्षं तीनशेलाच धरून बसल्या होत्या. कमी आकडा म्हणजे कडक शिस्त, अशी समजूत. कुकच्या नमुन्यात आम्ही सिक्स-ॲसिटिलमॉर्फिन शोधलं. ते फक्त हेरॉइनपासूनच बनतं, खसखशीपासून नाही. ते नव्हतं, पण नसण्याने पूर्ण सुटका होत नव्हती, कारण ते लघवीत जेमतेम एक दिवस टिकतं. शेवटी पाच दिवस खसखस बंद करून पुन्हा नमुना दिला तेव्हा विषय मिटला. तेव्हापासून दिवाळीच्या आधी मी फॉर्मला एक चिठ्ठी जोडायला लागले, 'खसखस खाल्ली असल्यास लिहावे'. दुबईला मुलाकडे निघालेल्या शेजारणीलाही बॅगेतली खसखशीची पुडी काढायला लावली, कारण तिथे ती मुळातच बंदी असलेली वस्तू आहे. ती माझ्यावर नाराज झाली ते झालीच.

भांगेचं दुखणं याहून अवघड. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा येतो, नुसती पानं येत नाहीत. त्यामुळे पानांची भांग त्या कायद्याच्या बाहेर, राज्यांच्या कायद्यांवर सोडलेली. राजस्थानात सरकारमान्य दुकानातून ती उघड मिळते. पण पान काय आणि फुलोरा काय, टीएचसी तेच. होळीला ठंडाई प्यालेला सेकंड इंजिनिअर हातातलं दुकानाचं बिल दाखवून भांडत होता. त्याच सुमारास कॅनडात भावाकडे राहून आलेला एक अधिकारी, तिथे ऑक्टोबर २०१८ पासून हे सगळं कायदेशीर आहे, असं सांगत होता. दोघांचं म्हणणं खरं, पण त्याने लघवीतला आकडा बदलत नाही. जठरातून गेलेला गांजा उलट उशिरा चढतो आणि लघवीत त्याच्या मेटाबोलाइटचा आकडा कमी नसतो. आणखी एक, आयुर्वेदात भांगेचं नाव विजया. जुलाबावरच्या जातीफलादी चूर्णात ती असते. पोट बिघडलं म्हणून वैद्यांकडून पुडी घेतलेल्या माणसाला आपण गांजा खाल्ला याची सुतराम कल्पना नसते. डबीवर 'विजया' लिहिलेलं असतं, ते तो देवीचं नाव समजतो.

फसवण्याचे प्रकार सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही, आणि सांगण्यात अर्थही नाही, कारण त्यांतले बहुतेक फसतात. नुकत्याच केलेल्या लघवीचं तापमान बत्तीस ते अडतीस अंशांच्या मध्ये असतं. बाटलीलाच पट्टी लावलेली असते. घरून आणलेला नमुना त्या पट्टीवर हजर होत नाही. भरमसाट पाणी प्यायलं तर क्रिएटिनिन वीसच्या खाली जातो, आम्ही 'डायल्यूट' लिहून पुन्हा बोलावतो. हसण्यावारी न्यायचं ते हे नव्हे: एक मुलगा कुणाच्या तरी सांगण्यावरून सकाळभर पाणी ढोसून आला, बाकावर बसल्या बसल्या बरळायला लागला. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. त्याला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. लिंबू, ताक, नारळपाणी, कारल्याचा रस, गूळ-जिरं, असे उपाय मी ऐकले. यकृत आपल्या चालीने चालतं, त्याला घाई करायला सांगणारा पदार्थ स्वयंपाकघरात नाही.

काही तेलवाहू जहाजांच्या कंपन्या केस मागायच्या. केसांची तपासणी आमच्याकडे होत नसे. कापून, मुळाची बाजू खूण करून पाठवायचं काम आमचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून तीनेक सेंटिमीटरांत तीन महिन्यांचा इतिहास वाचता येतो. मागचा आठवडा मात्र त्यात नसतो, कारण तेवढा केस अजून कातडीच्या बाहेरच आलेला नसतो. एक थर्ड ऑफिसर आला तो डोक्यावर खुंट घेऊन. ऑफिसने आधीच फोन करून ठेवलेला: माणूस टक्कल करून येतोय, लक्ष ठेवा. त्याचे वडील गेले होते. दहाव्याला मुंडण केलेलं, चौदावा आटपून तसाच गाडीत बसलेला. ऑफिसमधले सगळे मराठीच, पण टक्कल म्हटल्यावर कुणाच्या मनात सुतक आलं नाही, चोरी आली. छातीचे केस घ्या, असंही सुचवलं गेलं. घेता येतात, पण अंगावरचे केस डोक्यासारखे एकसारखे वाढत नाहीत, त्यामुळे महिन्यांचा हिशेब लागत नाही. मी ते लिहून दिलं आणि लघवीचा नमुना घेतला. त्या माणसाने 'का' असं एकदाही विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

आता दारूबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथे आहे. रक्तातली दारू तासाला शंभर मिलिलिटरमागे साधारण पंधरा मिलिग्रॅमने उतरते. रात्री दीडशेवर असलेला माणूस दहा तासांनी शून्याच्या जवळ. तो दात घासून, लवंग चघळत मेडिकलला येतो, त्याचं पॅनेल स्वच्छ निघतं आणि तो बोटीवर जातो. लघवीतलं इथाइल ग्लुक्युरोनाइड तपासलं तर दोन-तीन दिवसांपूर्वीची दारूही सापडते, पण ते कुणाच्या पॅनेलमध्ये नव्हतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी गांजा सोडलेला पोरगा घरी परत. समुद्रावर अपघात कशाने जास्त होतात हे बोटीवरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो गांजाचं नाव आधी घेणार नाही. आपण धोका मोजत नाही, जे जास्त दिवस सापडतं ते मोजतो.

ही सगळी तपासणी जहाजांवर इतकी कडक झाली त्याच्या मुळाशीही दारू आणि घड्याळच आहे. २४ मार्च १९८९ ला अलास्कात 'एक्सॉन वाल्डीज' हा टँकर खडकावर चढला आणि सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन तेल समुद्रात गेलं. कप्तानाच्या रक्ताचा नमुना घेतला गेला तो दहा तास उलटून गेल्यावर. आकडा निघाला ०.०६१ टक्के. तिथून मागे हिशेब करत जायचं तर खडकावर चढताना किती असेल? आणि नमुना घेण्याआधी, जहाज अडकल्यानंतर तो प्यायला असेल तर? पुढच्या वर्षी ज्यूरीने नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून त्याला सोडलं, तेलाच्या निष्काळजी गळतीचा छोटा गुन्हा तेवढा ठेवला. त्यानंतर तेल कंपन्यांनी बोटींवर अचानक तपासण्या सुरू केल्या. आता आंतरराष्ट्रीय नियमांत अधिकाऱ्यांसाठी रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरला पाव मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. कागदावर आहे. गँगवेवर फुंकायला लावणारा कप्तान असला तर बोटीवरही असते.

उलट्या बाजूचं, म्हणजे फार लवकर निघून जाणाऱ्या गोष्टींचं दुःख वेगळं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे कच्चं हेरॉइन, आली. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्या काळापासून गर्दच्या मुलांच्या आया लॅबमध्ये येत. एक बाई डोंबिवलीहून दर महिन्याला मुलाला घेऊन यायच्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पेढे. "ताई, सुटला ना हो?" सुटला असेलही. पण महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला घेतलेली लघवी फार तर मागच्या दोन-तीन दिवसांचं सांगते. बाकीचे दिवस त्यात नाहीत, आणि तारीख मुलालाही माहीत होती. हे त्यांना सांगावं का, यावर आमच्या लॅबमध्ये दोन तट होते. मी सांगितलं. तारीख न ठरवता या, असं म्हटलं. पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत, मुलगा एकटाच येऊन रिपोर्टची दुसरी प्रत मागून गेला.

खेळाडूंच्या तपासणीशी माझा संबंध नाही, पण तिथली एक गोष्ट मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी सांगायचे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या एका उझबेक पैलवानाचं सुवर्णपदक २०१९ मध्ये काढून घेतलं गेलं. नमुना तोच, तेव्हा साफ निघालेला, फ्रीजरमध्ये ठेवलेला. मधल्या वर्षांत शास्त्रज्ञांना टुरिनाबोलचे शरीरात फार काळ रेंगाळणारे अंश सापडले आणि ते बघणाऱ्या पद्धती आल्या. म्हणजे पदार्थ किती दिवस राहतो याचं उत्तर पदार्थ न बदलता बदललं.

शेवटची काही वर्षं मी बेलापूरच्या शाखेत होते. तिथे बंदरातल्या, गोदामांतल्या कंत्राटी कामगारांचे नमुने यायचे. एका यार्डात क्रेनखाली काम करणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. साखळी सरकली होती. दुपारची घटना. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून लघवीचा नमुना आला, गांजा पॉझिटिव्ह, जीसीएमएसवरही पक्का. मग कंत्राटदाराचे अधिकारी स्वतः आले. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात असं होतं की अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल आणि अपघात त्यामुळेच झाला असेल, तर भरपाई द्यावी लागत नसे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नसे. पण तीन बोटं त्यात बसत नव्हती. बोटांना किंमत मिळणार की नाही, ते माझ्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं.

"मॅडम, जास्त काही नको. 'घटनेच्या वेळी अमलाखाली होता' एवढंच लिहा."

मी म्हटलं, लघवीत जे सापडलं त्याने नशा येत नाही. ते टीएचसी मोडून झाल्यावरचं आहे. ते कालचं असेल, गेल्या आठवड्याचं असेल, रोजचं असेल तर गेल्या महिन्याचं असेल. त्या क्षणी त्याचं डोकं कुठे होतं ते या कागदावर नाही आणि मी ते लिहू शकत नाही. त्यांनी वकिलांना फोन लावून माझ्या हातात दिला. वकील सभ्य होते. त्यांनी विचारलं, मग तो नशेत नव्हता असं तरी तुम्ही म्हणू शकता का? म्हटलं, तेही नाही. त्यांना राग आला असावा. "मग या तपासणीचा आम्हाला उपयोग काय?"

उपयोग झाला असता, रक्त घेतलं असतं तर. प्रत्यक्ष टीएचसी रक्तात ओढल्यानंतर काही मिनिटांतच वर जातं आणि पहिल्या काही तासांत झपाट्याने उतरतं. रोज ओढणाऱ्यात त्याची थोडी शेपूट दिवसभर किंवा जास्तही मागे राहते, पण तासाभरात घेतलेला नमुना, डॉक्टरांनी लिहून ठेवलेली डोळ्यांची, चालण्या-बोलण्याची नोंद, हे सगळं मिळून काही सांगता आलं असतं. त्या दुपारी त्याला आधी यार्डाच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथे पट्टी बांधली, सलाइन लावलं, म्हणजे सुई शिरेत होतीच. मी अधिकाऱ्यांना विचारलं, तेव्हाच एक ट्यूब रक्त का नाही काढलं?

ते म्हणाले, "रक्त आमच्या पॅकेजमध्ये नाही, मॅडम. पॅकेज फक्त युरिनचं आहे."